अठरा खोल्यांचा हिशेब

शनिवारी सकाळच्या कर्जत लोकलमधून हल्ली एक नवी मंडळी उतरतात. ट्रेकवाले त्यांच्या बुटांवरून कळतात, शेतघरावर पार्टीला निघालेले आवाजावरून कळतात. ही तिसरी मंडळी मात्र पाठीला गुंडाळलेली चटई लावून, फारसं न बोलता, स्टेशनातल्या बटाटेवड्याकडे ढुंकूनही न बघता रिक्षा गाठतात. कडाव, कशेळे, कोंदिवडे, नेरळ या बाजूंना त्यांची शिबिरं असतात. दोन दिवस मौन, श्वासाकडे लक्ष, झोपण्याआधी वहीत कृतज्ञतेच्या चार ओळी आणि शेवटच्या दिवशी साऱ्या प्राणिमात्रांसाठी मंगलकामना. सोमवारी पुन्हा कचेरी.

मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मुंबईत रोज तीन तास लोकलमध्ये उभं राहणाऱ्या माणसाला दोन दिवस बसायला मिळालं तर बरंच आहे. मात्र ‘मनाचं बळ आपलं आपणच कमवायचं असतं’ असं कोणी मला सांगू लागलं की मी जरा सावध होतो. त्याचं कारण माझी नोकरी. ती सगळी बोरघाटात गेली. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिन लागतं, कारण पुढे सदतिसाला एक असा चढ आहे. लोणावळ्याला गाडी पोहोचते तेव्हा प्रवासी चहाच्या शोधात असतो आणि मागची इंजिनं सुटून निघूनही गेलेली असतात. अशा इंजिनावर जन्म काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी चढ चढलं असं कानावर आलं की तो आधी विचारतो, मागे काय लावलं होतं? कर्जत-खालापूरचा इतिहास मी याच खोडीपायी वाचत आलो.

या खोऱ्यात डोळे मिटून बसणाऱ्यांची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. कोंदिवड्याहून पायवाटेनं जावं लागतं. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाण्याचा पडदा लेण्याच्या तोंडावर कोसळत असतो आणि त्याच्या आत शिरल्याशिवाय काही दिसत नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास हे काम झालं असं अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री नावाच्या पंडितांनी ही लेणी प्रथम उजेडात आणली आणि मग ठाण्याचे कलेक्टर लॉ साहेब ती बघायला आले. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं.

चैत्यगृहाची कमान भव्य आहे आणि फोटो तिचेच निघतात. मी शेजारच्या विहारात रेंगाळतो. आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओल, आणि मग हळूहळू वर छत दिसू लागतं. त्या छताला दगडाचे वासे आहेत. लाकडी घराला असतात तसेच, एकामागून एक, आणि त्यांच्यामध्ये बारीक पट्ट्यासुद्धा कोरलेल्या. कातळाला वाशांची गरज नसते. पण हे कोरणाऱ्याला घर हवं होतं, आणि घर म्हणजे वासे असलेलं छप्पर. सभागृहाच्या तिन्ही भिंतींना सहा-सहा अशा अठरा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत कातळातूनच काढलेला झोपायचा ओटा. बाजूच्या रांगांतल्या पहिल्या खोल्यांत मात्र एकाऐवजी दोन ओटे आहेत.

दाराजवळच्या खोलीत दोघांची सोय का केली असेल हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला एवढंच दिसतं की ध्यानासाठी जंगलात आलेल्या माणसांनी एकट्यासाठी सुटी सुटी बिळं कोरली नाहीत. त्यांनी मधे मोठी ओसरी ठेवली, तिच्याभोवती खोल्या काढल्या, आणि खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की दुसऱ्याचं तोंड दिसेल अशी रचना केली. ज्याला मन आवरायचं आहे त्याला रोज कोणीतरी बघणारं हवं, हे त्यांना ठाऊक होतं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, इतकाच तिचा आशय. आपलं नाव लिहिताना त्यानं गुरूचं नाव आधी लिहिलं. कृतज्ञता व्यक्त करायची ही आमच्या तालुक्यातली सगळ्यात जुनी लेखी नोंद असावी.

आता मागच्या इंजिनाकडे येऊ. भिक्षू भिक्षेवर जगायचे, आणि कर्जतच्या पावसात भिक्षेला फिरणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ओढे एका तासात फुगतात. म्हणून आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचं असा संघाचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. पण तीन महिने एका जागी बसणाऱ्यांना कोणीतरी खायला घालावं लागतं. कोंडाणं गावापासून लांब असलं तरी वाटेपासून लांब नाही. कल्याण आणि सोपारा बंदरांवरून घाटमाथ्यावर जाणारे तांडे याच डोंगररांगेतून वर चढत. वर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणीही त्याच रस्त्याच्या आधारानं उभी राहिली. कार्ल्याच्या खांबांवर आणि भिंतींवर देणगीदारांची नावं आहेत. त्यात सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे.

कोंडाण्याचा जमाखर्च आपल्यापर्यंत आलेला नाही. पण अशा जागा कशा चालत याचा चोख हिशेब नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं तिथल्या लेण्यासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेवले कुठे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. त्यातले २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दरानं आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २,००० च्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. हिशेब करून बघा. २,००० चं शेकडा एकनं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस माणसांना बारा-बारा म्हणजे २४०. एक नाणं इकडचं तिकडे नाही. हे सगळं नगरसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं आणि मग कातळावर कोरलं. याच उषवदातानं कार्ल्याच्या डोंगरात वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिल्याचीही नोंद आहे.

लेण्यात बसलेल्या माणसाच्या चित्ताची शांती विणकराच्या मागावर उभी होती, असं मी म्हणतो तेव्हा त्या शांतीला मी कमी लेखत नाही. ती टिकावी म्हणून कोणीतरी किती बारीक विचार केला होता, एवढंच सांगतो.

लेणी ओस पडली तरी वर्षावास पूर्णपणे संपला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यांवस्त्यांत बुद्धविहार उभे राहिले. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. कामावरून आलेली माणसं रात्रीचे हातपाय धुऊन बसतात. वाचणारा बदलत राहतो, कधी शाळेत जाणारी मुलगीही वाचते. शेवटच्या दिवशी वस्तीचं जेवण असतं आणि त्याची वर्गणी आधीच ठरलेली असते. तिकडे थळघाटाच्या माथ्यावर इगतपुरीला, ब्रह्मदेशात विपश्यना शिकून १९६९ मध्ये भारतात आलेल्या सत्यनारायण गोयंकांनी धम्मगिरी हे केंद्र उभं केलं. तिथे १९७६ पासून शिबिरं होतात. दहा दिवस राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. तुमचं जेवण आधी बसून गेलेल्या कोणाच्या तरी दानातून आलेलं असतं. उषवदाताला हा व्यवहार लगेच कळला असता.

ध्यानाचं झालं. कृतज्ञतेचं काय?

आमच्याकडे आश्विनातल्या पौर्णिमेला नव्याची पुनव म्हणतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडूची फुलं यांचं ‘नवं’ दाराला बांधतात. नवा तांदूळ आधी देवाला आणि मग ताटात. माझी आजी त्या दिवशी कणगीलाही हळदकुंकू लावायची आणि रिकामं सूपसुद्धा पालथं ठेवू द्यायची नाही. पण खरी कृतज्ञता त्यानंतर खळ्यावर दिसे. झोडणी झाली की भाताची रास घरात जायच्या आधी बलुतेदारांचा वाटा निघे. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार आपापलं घेऊन जात. त्या बलुत्यात जातीची उतरंड होती, अपमानही होता, आणि ते गेलं त्याचं मला दुःख नाही. एक गोष्ट मात्र त्यात होती. आभार मानायचे म्हणजे माप ओतायचं, हे पोरासोरांनाही कळे.

ज्यांना खळंच नव्हतं त्यांची कथा निराळी. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर ज्येष्ठ-आषाढात कणगी तळाला लागे. मग सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक निघाल्यावर दीडपट, दुपटीनं फेडायची. फेडता फेडता नवं भात संपे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच पायरी. ज्याचं नवं आधीच दुसऱ्याचं झालेलं आहे, त्यानं दाराला लोंब्या बांधून काय करावं?

हे दुखणं ओळखणारा माणूस माथेरानचा होता. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, म्हणजे आमचे भाई कोटवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक समाजातलं घर, शिक्षण वकिलीचं. माथेरान नगरपालिकेचं उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता काढून विजेचे मनोरे पाडणारे कोटवाल सगळ्यांना माहीत आहेत. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पण बंदूक हाती घेण्याआधी या माणसानं शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी काढली होती, हे कमी जणांना ठाऊक असतं. पुढे १९८० नंतर कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं कर्जत तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर धान्य बँका चालवल्या. तत्त्व साधं. सुगीत प्रत्येकानं थोडं भात टाकायचं, पावसाळ्यात लागेल त्यानं न्यायचं आणि पुढच्या सुगीत थोड्या वाढाव्यासकट परत आणायचं. वाढावा सावकाराच्या घरी न जाता वाडीच्याच कोठीत राहतो. उषवदाताची ठेव विणकरांकडे होती, ही ठेव वाडीच्या कुडाच्या खोलीत होती, एवढाच काय तो फरक. आषाढात पोट भरलेलं असेल तर माणसाच्या जिवाला स्वस्थता येते, आणि ती कोणत्याही आसनानं येते त्याहून कमी खरी नसते.

मागे काहीच लावलेलं नसलं तर काय होतं, तेही याच खोऱ्यानं पाहिलंय. माझ्या घाटानं.

१८५६ मध्ये रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. पुढचा घाट प्रवासी पालखीनं, बैलगाडीनं, पायी चढत. घाट चढण्याआधी दम खायला खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ होतंच. पेशवाईतल्या कारभाऱ्यानं वाटसरूच्या तहानेचा विचार केला होता. मग घाटाचं काम सुरू झालं. पंधरा मैलांचा चढ, अठराशे फुटांहून जास्त उंची, पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुरुवातीला या कामावर ४२,००० मजूर होते. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या काळात मजुरी थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. त्याच्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे पोहोचल्यावर काही आठवड्यांतच आजारानं वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट सोडलं नाही, अनुभवी इंजिनिअर नेमून ते पुरं करून घेतलं. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला.

मजूर पटकीनं, तापानं, सुरुंगांनी, कड्यावरून पडून हजारोंनी मेले. बहुतेक लांबून आलेले, बायकापोरांसह उघड्यावर राहिलेले. बलकाचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, या माणसांची नावं दीडशे वर्षंही टिकली नाहीत. ठाकूरवाडीपासून मंकी हिलपर्यंत मी आयुष्यभर ज्यांच्या हाताच्या कामावरून गाडी नेली, त्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही. तेही कणखरच असतील. पण कणखर माणसाला पटकी होत नाही असं थोडंच आहे? त्यांना हवं होतं ते उकळलेलं पाणी, छप्पर आणि वेळेवर मजुरी.

ज्या रुळांनी ती माणसं गिळली, त्याच रुळांनी पुढे दुसरी माणसं आणून टाकली. मोठ्या जंक्शनवर काम केलेल्याला ती ठाऊक असतात. कुठल्यातरी लांबच्या गाडीतून उतरलेला, केसांच्या जटा झालेला, अंगावर थरावर थर कपडे चढवलेला माणूस. नव्वदच्या दशकात कर्जतला फलाटाच्या टोकाशी असाच एक असायचा. आमचे हमाल त्याला ‘मास्तर’ म्हणत, कारण तो खडूच्या तुकड्यानं फरशीवर सारखं काहीतरी लिहायचा. लिपी कोणाला कळत नव्हती. पहाटेच्या पाळीला आमच्यातला एक जण त्याला चहा द्यायचा, थंडीत कोणी घोंगडी दिली. दया होती, नव्हती असं नाही. पण चहाच्या पुढे काय करायचं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. एक दिवस तो दिसला नाही. फरशीवरची अक्षरं पाण्यानं धुऊन काढली, आणि ती कुठल्या गावची होती हे कायमचं राहून गेलं.

त्या ‘पुढे काय’चं उत्तर २००६ मध्ये कर्जतलाच उभं राहिलं. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं होतं. निमित्त झालं एका तरुणाचं. मुंबईत रस्त्याकडेला तो करवंटीनं गटाराचं पाणी पीत होता. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेऊन उपचार केले, तेव्हा कळलं की तो आंध्रातला पदवीधर आहे आणि त्याचे वडील तिकडे जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. आधी दहिसरला छोटं केंद्र झालं, मग कर्जतजवळ वेणगावच्या बाजूला मोठं. रस्त्यावर, फलाटावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आणायचं, न्हाऊ-माखू घालायचं, औषध सुरू करायचं, आणि तो बोलता झाला की बोलीवरून, नदीच्या किंवा बाजाराच्या नावावरून गाव शोधायचं. मग कार्यकर्ता त्याला घरापर्यंत सोडून येतो, सोबत औषधं देतो आणि घरच्यांना आजार समजावून सांगतो. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून जास्त माणसं घरी पोहोचली होती. करुणेचा आकडा काढायचा तर तो असा निघतो. खाट, गोळ्या, रेल्वेचं तिकीट आणि सोबतीला जाणारा माणूस.

आणि मग १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीत चाळीसेक घरांची ठाकरांची इर्शाळवाडी होती. रात्री दरड कोसळली आणि बरीचशी घरं झोपेतच गाडली गेली. वर रस्ता नव्हता, यंत्रं नेता येत नव्हती. जवान, डोंगरवाटा माहीत असलेले आसपासचे तरुण, खोपोलीकडची नेहमी अपघाताला धावणारी पोरं निसरड्या वाटेनं चढून गेली आणि टिकाव-फावड्यांनी माती उपसत राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. आश्रमशाळेत शिकायला राहिलेली मुलं वाचली, आणि त्यांच्यातल्या काहींची आई-बापं राहिली नाहीत.

त्या दिवसांत पेपरांतून वाचलेल्यांच्या धीराचं कौतुक आलं. धीर होताच. पण चौकजवळ तंबूत, मग पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहिलेल्या त्या माणसांना धीर द्यायला जे काही उभं राहिलं ते मोजायला हवं. पहिल्या रात्री भाकरी घेऊन आलेल्या आजूबाजूच्या वाड्या, मुलांशी बोलत बसलेले समुपदेशक, पुढे सिडकोनं बांधलेली ४४ घरं. त्याचबरोबर एक प्रश्नही मोजायला हवा. कड्याखाली झोपणाऱ्या माणसाला खाली जागा मिळायला आधी माणसं मरावी का लागतात? कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर अशा वाड्या अजून आहेत. जून उजाडला की त्यांना नोटिसा जातात. नोटीस ही काही सोय नव्हे.

म्हणून मला मनाच्या बळाबद्दल विचारलं तर मी वेळापत्रकाच्या भाषेत बोलतो. ती सवय जात नाही. पाऊस दर वर्षी येतो, त्याची तारीखही साधारण ठरलेली असते. दुःखाची तारीख ठरलेली नसते, पण तेही प्रत्येकाच्या घरी एकदा येऊन जातं. तेव्हा कोठीत किती पायल्या आहेत, रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल, एकट्या म्हातारीच्या दाराशी सकाळी कोण डोकावेल, धोक्याच्या वाडीतली माणसं कोणत्या शाळेत उतरतील, हे ज्येष्ठातच ठरवून टाकावं. आषाढात मग खुशाल डोळे मिटून बसावं.